फक्कीची रेघ

"पाय मागे घे बे!" हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची काठी पोटरीवर बसलेली असायची. बहारीनमधल्या आमच्या उत्खननावर ती न खाल्लेला माणूस तुम्हांला सापडायचा नाही. मी मोजणीला होतो, तो सुपरवायझर. नागपूरचा. तुबली गावातल्या आमच्या खोलीवर मी तापाने फणफणलो तेव्हा भात त्यानेच भरवला. "गिळ, नाहीतर थोबाड फोडीन," म्हणत.

पूर्वी तो ग्रीसमध्ये खोदकामावर होता. तिथे एका टेकाडाखाली पहिलीवहिली शेती करणाऱ्यांचं गाव निघालं, जाळलेलं. चुलीपाशी गहू, मसूर, सगळ्याचा कोळसा. "जळाले म्हणून टिकले बे," तो सांगायचा. "गाव कधी जाळलं, ते दाणेच सांगतात."

आणि काय सांगू, इथल्या प्राचीन वस्तीतही एक जळकी खोली लागली! कोपऱ्यात काळे जव. गडी आनंदाने वेडाच झाला. शेजारी रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून कोणी आत शिरू नये यासाठी खोलीभोवती त्याने स्वतः फक्कीची पांढरी रेघ मारली.

आम्ही जेवून येतो तर रस्त्याचं खोदायचं मशीन खोलीच्या मधोमध! भिंती, चूल, सगळं उलथंपालथं.

त्याने ड्रायव्हरला केबिनमधून खेचून पाडलं आणि काठी मोडेपर्यंत मारलं. नाकातून रक्ताची धार लागली. ड्रायव्हर ओरडत होता, "लाइन तुमने मारी! लाइन के अंदर ही तो खोदा!"

खरंच होतं त्याचं. रस्त्याच्या कामावर फक्की म्हणजे इथे खणा. आमच्याकडे तीच फक्की म्हणजे इथे शिरू नका.

त्याचा हात थांबला. मग मशीनच्या पोलादी दातांवर त्याने स्वतःचीच मूठ हाणायला सुरुवात केली. "दादा, पुरे!" मी मिठी घातली, तर माझ्याही बरगडीत कोपर. स्वतःची बोटं मोडली तेव्हाच थांबला.

मग डाव्या हाताने ढिगाऱ्यातले जव वेचून गमछ्यात घेऊ लागला.

"मिळाले की, दादा," मी म्हटलं.

"कोणत्या थराचे? वरचे-खालचे सगळे मिसळले बे. आता हे काहीच सांगणार नाहीत."

पुढे तक्रार झाली, व्हिसा रद्द झाला, तो कायमचा गेला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तीच दुपार आहे. त्याने दाणे वाळूत ओतून दिले, गमछा झटकला आणि ड्रायव्हरच्या नाकाला लावायला वाकला. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

"नहीं मारता रे," तो म्हणाला. ड्रायव्हरने काही हात खाली घेतले नाहीत.