सहा फूट चार इंचांच्या मागावर

जिमखान्याच्या कपाटात एकेकटे मोजे साचत जातात. ते कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी फेकूनही देत नाही. किस्स्यांचंही मला तसंच वाटतं. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी बारावीतल्या एका मुलाच्या मागावर मी जवळजवळ वर्षभर होतो. त्या काळात साचलेले हे काही मोजे. जिथे मी स्वतः हजर होतो तेवढंच सांगतो आहे. ऐकीव भाग काळजीपूर्वक वगळला आहे. वगळूनही एवढं उरलं, याचं आश्चर्य मलाच वाटतं.

*

मुळात मी खेळाडू नाही. समाजशास्त्रात एम.ए. करून मी आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. जिमखान्याचे प्रमुख आणि बास्केटबॉलचे प्रशिक्षक कदम सर हे वसईच्या एव्हरशाईन सिटी वसाहतीतले माझे शेजारी. आमचा संबंध तेवढाच.

त्या वर्षी आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. व्यवस्थापनाने ठराव केला, की पुढच्या हंगामात संघ दुसऱ्या फेरीत पोहोचला नाही, तर बास्केटबॉल कोर्टाचं दुचाकी पार्किंग होईल. एवढंच नव्हे, तर पूर्वतयारी म्हणून कोर्टावर पार्किंगचे पिवळे पट्टेसुद्धा मारून टाकले!

"खेळ बंद करा, असं मी अजिबात म्हणत नाही," प्राचार्य म्हणाले. "पार्किंग करून जी जागा उरेल, तिथं खेळा."

पट्टे वाळायच्या आत एका पालकांनी बास्केटच्या खाली स्कूटर लावली आणि डिकी उघडून ते कागदपत्रं शोधू लागले. आमच्या एका खेळाडूने नेम धरून मारलेला चेंडू रिंगला न शिवता थेट त्या डिकीत जाऊन बसला. असा घट्ट बसला, की निघेना.

"अहो, हे काय चाललंय?" पालक ओरडले.

कदम सर अत्यंत आदराने म्हणाले, "आमचा या महिन्यातला पहिला बास्केट. थँक यू!"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "इथं वसईतच एका वाडीत जोएल नावाचा पोरगा आहे. बारावीत. सहा फूट चार! तो आपल्याकडे आला तर कोर्ट वाचेल. नाही आला, तर मी पार्किंगच्या पावत्या फाडीन. तू जरा त्याच्यावर लक्ष ठेव."

"सर, मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही."

"पण तू एम.ए. ना? मला बघता येतं रे, बघितलेलं नीट सांगता येत नाही. ते तुझं खातं."

*

क्षेत्रीय अभ्यासाची शिस्त अशी, की मूळ व्यक्तीला भेटण्याआधी आजूबाजूला चौकशी करावी. मी ती शिस्त पाळली, ही माझी चूक झाली असं आता वाटतं.

जोएलच्या शेजारणीला मी अत्यंत नम्रपणे प्रश्न विचारले. मुलगा स्वभावाने कसा आहे? तब्येतीची काही तक्रार? काही व्यसन वगैरे? घरात शब्द कोणाचा चालतो?

बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. मग पदराला हात पुसत विचारलं, "बरं, मुलगी काय करते?"

"कोणाची मुलगी?"

"तुमची बहीन असेल ना?"

गैरसमज ताबडतोब दूर करावा म्हणून मी म्हणालो, "नाही, नाही! आम्हाला फक्त मुलगा हवा आहे. आमच्याकडे न्यायला."

बाईंचा चेहरा उतरला. "घरजावई?"

मी गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती. तिथे जोएलची आई, फिलूमावशी, कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. "अहो, पोरगा सतरा वर्षांचा आहे! आणि घरजावई आमच्या घरातून आजवर कोणी गेला नाही!"

"मावशी, कॉलेज! कॉलेज!" मी घाबरून एवढंच म्हणू शकलो.

"मुलगी अजून कॉलेजात आहे? मग तुम्हाला एवढी घाई कसली?"

*

जोएलला खेळताना पाहणं जवळपास अशक्य होतं, कारण तो क्वचितच मोकळा असायचा. गावात उंचावरचं कोणतंही काम निघालं, की स्टूल शोधण्याऐवजी लोक जोएलला शोधत. ट्यूबलाइट, माळ्यावरचं पातेलं, तारेत अडकलेला पतंग. नाताळ जवळ आला, की प्रत्येक घरावर चांदणीचा कंदील लावायचा असतो. त्या दिवसांत त्याला अक्षरशः नंबर लावून न्यावं लागे.

शेवटी डिसेंबरात त्याच्या शाळेच्या मैदानावर नायगावच्या एका शाळेविरुद्ध सामना होता. मी वेळेआधी जाऊन बसलो. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या टप्प्यात टाइम-आउट घेतला गेला, आणि मैदानालगतच्या घरातल्या एक काकू भलीमोठी चांदणी हातात घेऊन थेट कोर्टावर आल्या.

"जोएल, चल रे बाळा. वायर सोडून ठेवलीय."

पंच धावले. "बाई, मॅच चालू आहे!"

"चालू कुठं आहे? थांबवलीय तुम्हीच!"

या युक्तिवादात मला कुठेही दोष सापडला नाही. पंचांनाही सापडला नसावा. जोएल गेला. बदली खेळाडू आत आला. थोड्या वेळाने त्या घरावर चांदणी लागली, जोएल धावत परत आला आणि त्याने उरलेल्या वेळात सामना जिंकून दिला.

पंचांना तरीही चैन पडेना. "बाहेर जाण्याचं कारण काय लिहू? दुखापत लिहितो."

कुंपणाच्या पलीकडून काकूंचा आवाज आला, "कसली दुखापत? सरळ लागलीय की! येऊन बघा!"

*

जोएल सराव करायचा तो त्याच्या काकांच्या वाडीत. बस्त्याव काका हे केळीचे बागायतदार. त्यांनी एका माडाला लोखंडी रिंग ठोकून दिली होती, आणि समोरची जमीन चोपून घेतली होती.

सराव नैसर्गिक अवस्थेत पाहता यावा, म्हणून मी एका दुपारी केळींच्या आड उभा राहिलो. काही वेळाने माझ्या डावीकडची पानं हलली. तिथे मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजचे सावंत सर उभे होते. स्वतः जुने खेळाडू, उंच, डोळ्यांवर काळा चष्मा. आम्ही एकमेकांना मानेने नमस्कार केला. इतक्यात मागे फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. विरारच्या एका कॉलेजचे पाटील सर! तेही तेवढेच उंच, आणि चिखलात रुतलेले.

"ए, कोन हाय तिथं? पानी सोडलंय मी!" बस्त्याव काका कोयता घेऊन आले.

आम्ही तिघे बाहेर आलो. काकांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या बाबतीत ते लवकर उरकलं. "घड चोरायला आलात?"

"छे, छे!" मी म्हणालो. "आम्ही जोएलला बघायला आलो होतो. तिघेही. वेगवेगळे."

काकांनी थोडा विचार केला. मग कोयत्याने एक घड उतरवून सावंत सरांच्या हातात ठेवला. दुसरा पाटील सरांच्या. तिसरा माझ्या.

"घ्या, केळी घेऊन जा. पोरगा असा नाय मिळायचा!"

आम्ही आभार मानून निघालो. मागून पुन्हा हाक आली. "ओ सर! त्या टेम्पोत ठेवा ते घड. आनि परत या, अजून खूप आहेत!"

अंधार पडेपर्यंत टेम्पो भरला.

*

पुढे तिन्ही कॉलेजं उघडपणे घरी जाऊ लागली. सावंत सरांनी बुटांचे फोटो दाखवले. पाटील सरांनी नव्या जिमचे. फिलूमावशींनी सगळं पाहून घेतलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याकडं बाक कसं आहे?"

शाळेत जोएलचे गुडघे बाकाखाली मावत नसत. सगळी वर्षं तो मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसून शिकला होता. "खेळेल दोन तास," मावशी म्हणाल्या. "बसायचं तर दिवसभर आहे ना?"

कदम सर तिथल्या तिथे म्हणाले, "बाक? बनवून घेतो!"

त्यांनी सुताराकडून खास उंच बाक करून घेतलं. त्याची चाचणी माझ्या तासाला झाली. चाचणीसाठी उंच विद्यार्थी हवा होता. पण तो असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता? म्हणून प्रथमेश नावाच्या बुटक्या मुलाला वर चढवलं. त्याचे पाय अधांतरी लोंबत होते. मी कुटुंबसंस्थेवर बोलत होतो.

मध्येच तो आनंदाने ओरडला, "सर, इथून सगळ्यांचे मोबाइल दिसतात!"

वर्गात अशी शांतता माझ्या अल्प कारकिर्दीत त्याआधी कधी पसरली नव्हती. नेमके प्राचार्य व्हरांड्यातून जात होते. ते दारात थांबले. आत आले. बाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली. दुसऱ्या दिवशी ते बाक पर्यवेक्षकांसाठी परीक्षेच्या हॉलमध्ये हलवण्यात आलं.

कदम सर ते परत मागायला गेले, तेव्हा प्राचार्य भारावून म्हणाले, "कदम, जिमखान्याचा कॉलेजला असा उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं!"

संध्याकाळी फिलूमावशींचा फोन आला. "झालं का बाक?"

"झालं हो," कदम सर म्हणाले. "सध्या ते परीक्षेला बसलंय."

*

बारावीचा निकाल लागला. जोएल पास झाला. "गावच्या सणाला या सगळे," मावशींनी तिन्ही कॉलेजांना निरोप दिला. "त्याच दिवशी तो काय ते सांगेल."

सणाला संताच्या मूर्तीची मिरवणूक निघते. मूर्तीचा लाकडी चौथरा, त्याला चार दांडे, आणि प्रत्येक दांड्याखाली एक माणूस. आदल्या वर्षी पुढच्या उजव्या दांड्याला जोएल होता आणि बाकी तिघे गावातले सर्वसाधारण उंचीचे. मूर्ती इतकी कलली, की जोएलला सगळा रस्ता गुडघे वाकवून चालावं लागलं. पुढे कितीतरी दिवस त्याचा गुडघा सुजलेला होता.

"यंदा चारी मानसं सारखी पायजेत," बस्त्याव काकांनी जाहीर केलं, आणि पाहुण्यांवर नजर फिरवली. पुढचा उजवा जोएलचाच. सावंत सरांना पुढचा डावा दांडा मिळाला. मागचा डावा पाटील सरांना. दोघांनी आनंदाने बाह्या सरसावल्या. जोएलच्या बरोबरीने चालायला मिळणार, यापेक्षा चांगली संधी कोणती?

"आता तुमचं कॉलेज," काका आमच्याकडे वळले. "उंच मानूस नाय तुमच्यात?"

"तोच तर प्रश्न आहे!" मी म्हणालो, आणि स्वतः पुढे झालो. काकांनी दांडा माझ्याजवळ धरून पाहिला. "तुझ्या कानात जाईल हा. हो बाजूला."

तेव्हा कदम सर पुढे आले. कदम सरांची उंची पाच फूट दोन इंच. उमेदीच्या काळात ते चपळ खेळाडू म्हणून प्रसिद्ध होते. उंच म्हणून कधीच नव्हते.

"काका, मी हिंदू आहे. चालेल?"

"धर्म चालेल हो. उंचीचं काय करू?"

 कदम सर मागच्या उजव्या दांड्याखाली गेले, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, आणि दांडा तळव्यांवर तोलून धरला. काकांनी लांबून एक डोळा मिटून पाहिलं. मूर्ती सरळ होती.

"बँड, चालू!"

मिरवणूक चर्चपासून निघून सगळ्या गावातून फिरली. घराघरांसमोर थांबली. प्रत्येक थांब्यावर लोक मेणबत्ती लावत, फुलं वाहत, आणि कोणालाच घाई नव्हती. बाकीच्या तिघांनी खांदे बदलले. कदम सरांना बदलायला काही नव्हतं. मी शेजारून चालत होतो. "सर, मी धरू का?" असं मी विचारलं. "बोलू नकोस," ते म्हणाले, "हलेल."

जोएल पुढे होता. त्याला मागचं काही दिसत नव्हतं.

चर्चच्या दारात चौथरा खाली उतरवला. सावंत सर घाम पुसत जोएलकडे गेले आणि त्यांनी हस्तांदोलन केलं. पाटील सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कदम सर जागेवरच उभे होते. दांडा गेला होता, पण हात खाली येत नव्हते. तळवे तसेच आभाळाकडे. फिलूमावशींनी त्यांच्या तोंडात केकचा तुकडा भरवला, कारण दुसरा उपाय नव्हता.

"सर, हात खाली घ्या ना," मी म्हणालो.

"घेतोय रे! येत नाहीत!"

जोएल गर्दीतून मागे आला. त्याने मूर्तीकडे पाहिलं, रिकाम्या दांड्याकडे पाहिलं, मग कदम सरांकडे.  मग त्याने आपले दोन्ही पंजे वरून त्यांच्या उघड्या पंज्यांवर खाडकन आपटले, आणि विचारलं,

"सर, प्रॅक्टिस सकाळी असते की संध्याकाळी?"