विहीर फ्रेमच्या बाहेर

"काडी लहान करा, मग बोला," असं म्हणून मास्तर खिशातली आगपेटी काढायचे, एक काडी अर्धी मोडायचे आणि समोर जे असेल त्याच्या काठावर ठेवून मोजायला लागायचे. पापडाचा काठ, पानाची कड, भिंतीवरची ओल, काहीही. बिडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण आगपेटी कायम खिशात. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ते केमिस्ट होते आणि मी त्यांच्या लॅबला सॅम्पल आणून देणारा. गाव त्यांचं कवठे येमाई, राहायला दौंडला आमच्याच आळीत. भेटेल त्याला शिकवत सुटायचे म्हणून मास्तर. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच तोंड कशाला विटाळू? तो वास अजून नाकात आहे. सडकी अंडी आणि रबर एकत्र शिजवावं तसला वास. डब्यातल्या चपातीला तोच, केसांना तोच. बायको मला दारातच कपडे काढायला लावायची.

असल्या घाणीत या माणसाला नाद कसला, तर फ्रॅक्टलचा! पुण्याला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं आणि तिथून खूळ शिरलं. फ्रॅक्टल म्हणजे असा आकार, की त्याचा तुकडा मोडला तरी तो अख्ख्यासारखाच दिसतो. एकदा कॅन्टीनमधून फ्लॉवरचा गड्डा उचलून आणला आणि तुरा मोडून, त्या तुऱ्याचा पुन्हा तुरा मोडून आम्हाला दाखवत बसले. तिकडे आचारी शिव्या घालत होता. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर ठिपक्या-ठिपक्यानं नेच्याचं पान उमटवायचे. सुट्टी संपायची, पान अर्धंच राहायचं. मला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून आबांचं रान होतं. आबा माळी, झेंडू आणि वांगी करायचे. आमचा नाला भिंतीखालून पाझरायचा आणि त्यांच्या रानात डाग पसरत चालला होता. काळा, वरून तेलकट, कडेला पिवळट खार. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बांधावरच ओकलो. मास्तर मात्र त्या चिखलात उकिडवे बसले.

"बघ, कसा फुटलाय. फांदीला फांदी, तिला परत फांदी. काय देखणा हाय!"

माझं टाळकंच सटकलं. शेजारी आबा उभे, त्यांचा झेंडू मुळापासून कुजलेला, आणि यांना डाग देखणा दिसतोय. मी म्हणालो, "मास्तर, जरा तरी लाज वाटू द्या."

"देखणा हाय म्हंजी चांगला हाय, असं मी कुठं म्हणलो?" ते म्हणाले आणि त्यांनी काडी मोडली.

त्याआधी कंपनीचे मोठे साहेब डाग मोजून गेले होते. खुंट्या ठोकल्या, लांबलचक टेप फिरवला आणि आबांना सांगितलं, डाग लहान आहे, विहीर लांब आहे, घोर करू नका. मास्तरांनी तोच काठ आधी बांबूनं मोजला, मग वितीनं, मग काडीनं. दर वेळी काठ आधीपेक्षा लांब भरला. आबा घाबरले.

"नका मोजू मास्तर," ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही मोजलं का वाढतंय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी आबांना खाली बसवून दाखवलं की टेप सरळ जातो, मधली बारीक बोटं त्याला दिसतच नाहीत. त्यातलंच एक बोट, सुतळीएवढं, विहिरीच्या दिशेनं निघालं होतं. आबा उठून तिथून विहिरीपर्यंत पावलं मोजत गेले.

मग मास्तर रोज शिफ्ट सुटली की रानात. आलेखाच्या कागदावर त्यांनी बोट न बोट उतरवलं. खाली नाला, वर फुटलेल्या फांद्या आणि अगदी वरच्या कडेला लहानसा गोल, म्हणजे विहीर. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि विहीर वाचवायची तर नाला आत्ताच सिमेंटनं बांधून घ्या, एवढंच सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो.

बघितलं ते असं. पर्यावरण दिनाला कंपनीत कामगारांची चित्रकला स्पर्धा होती. मांडवात जाऊन बघतो तर मास्तरांचा कागद सोनेरी फ्रेममध्ये, खाली नाव 'जीवनवृक्ष', पहिलं बक्षीस! कागद कशाचा आहे ते साहेबांना आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, देव जाणे. आपल्याच गटाराला झाड समजून त्या लोकांनी हार घातला होता, तोही झेंडूचा. शी! हे लिहितानासुद्धा हात धुऊन यावंसं वाटतं. शिवाय फ्रेममध्ये बसेना म्हणून कागदाची वरची पट्टी कापून टाकलेली, विहिरीसकट.

मास्तरांच्या हातात माईक दिला.

"हे झाड न्हाई," ते म्हणाले. "हा आपल्या नाल्याचा डाग हाय. खोड म्हंजी नाला. आन् आबांची विहीर इथं हाय."

त्यांनी बोट ठेवलं ते फ्रेमच्या बाहेर, मांडवाच्या कापडावर. मग साहेब हसले, काय कल्पना आहे म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागून अख्खा मांडव वाजवायला लागला. माझे हात उठले नाहीत.

पुढच्याच महिन्यात मास्तरांना नारळ मिळाला. निरोप घ्यायला ते केबिनमध्ये गेले, तेव्हा मी बरोबर होतो. फ्रेम साहेबांच्या खुर्चीमागे टांगलेली. साहेब फोनवर, आमच्याकडे लक्ष नाही. मास्तरांनी पेन्सिल काढली, फ्रेमच्या वर भिंतीवर एक लहानसा गोल काढला आणि निघून गेले. शिरूरला क्लास काढलाय असं कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं गुजरातला गेले. मला ते पुन्हा दिसले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ते बोट विहिरीला पोचलं. आबांची गाय पाण्यावरून तोंड फिरवायला लागली. मी गेलो तर आबांनी बादली माझ्या नाकासमोर धरली. तोच वास.

दसऱ्याला केबिनला रंग दिला. मी रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा भिंत पांढरीफेक होती, गोल गेला होता आणि फ्रेम पुन्हा जागेवर होती. कुणी पाहुणे चित्र निरखत होते. झाड छान आहे म्हणाले, पण हा शेंड्याचा फाटा मधेच तुटल्यासारखा का दिसतो? साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी रिपोर्ट टेबलावर ठेवला, खुर्चीला वळसा घालून भिंतीपाशी गेलो आणि खिशातली पेन्सिल काढली.