पाण्याचं पान

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते तालुक्याच्या शाळेतल्या आमच्या भूगोलाच्या सरांचं. वडील एसटी डेपोत टायर बदलायचे. घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, सिंगापूरला पोचलो, ते सरांनी वेळोवेळी पाठीमागे लागून शिकवलं म्हणून.

नववीत सर प्रत्येकाला आसपासचं एक गाव नेमून देत. त्या गावाची वही करायची. आधी पाणी, मग माती, मग जुन्या गोष्टी, शेवटी लोक पोट कशावर भरतात ते. वही पुरी झाली तरी गुण मिळत नसत. ती त्याच गावात नेऊन पारावर वाचून दाखवावी लागे. मी 'कुंभारआळीत मडकी घडवतात' असं वाचलं, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "भट्टी विझून जमाना झाला. आळीचं नाव बघून लिवलंस व्हय रे?" लोक हसले. सरांनी ती ओळ तिथेच मला खोडायला लावली.

सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टा भागातल्या ऑफिसात माझं काम जवळपास हेच होतं. कोणी परदेशातला कारखाना घ्यायला निघालं की त्या जागेची माहिती काढायची आणि धोके लिहायचे. २०१५च्या आसपास इथल्या एका खाद्यकंपनीला फ्रान्समध्ये मेंढीच्या दुधाचं चीज करणारी डेअरी हवी होती. दोन डेअऱ्या नजरेत होत्या. त्यातली एक डोंगराच्या कुशीतल्या लहानशा खेड्यात होती. मालक थकले होते, त्यांना विकून मोकळं व्हायचं होतं.

ते गाव मी कधी पाहिलं नाही. पण इंटरनेटवरच्या फोटोंतून त्याच्या एकुलत्या रस्त्यावर इतक्यांदा फिरलो की कोणत्या खिडकीचा रंग उडालाय ते सांगू शकलो असतो. वर चुनखडीचं पठार, त्यावर पडलेला पाऊस मुरून नाहीसा होतो आणि गावाजवळ कड्याखाली झरा होऊन निघतो. चर्चपुढे पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगड. त्यावर तीच तीच आडनावं, एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन. त्यानंतर गाव पुन्हा भरलंच नाही. उरल्या मेंढ्या, डेअरी आणि दोन वर्गांची शाळा.

हे मला कळलं ते तिथल्या पंचायतीच्या कचेरीत काम करणाऱ्या बाईंमुळे. त्यांचा नवरा डेअरीचा दुधाचा टँकर चालवायचा. आमची दुपार ती त्यांची सकाळ. कचेरी उघडली की त्यांचं इंग्रजीतलं उत्तर यायचं. चौकशी कशासाठी हे सांगायची मला मनाई होती. इतक्या लांबच्या माणसाला आपल्या गावाची ओढ वाटते, याचंच त्यांना अप्रूप होतं. एक दिवस त्यांनी गावच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या शाळामास्तरांनी लिहिलेल्या वहीची पानं पाठवली. भूगोल, इतिहास, उद्योग. माझा ऊर भरून आला. ऑफिसजवळच क्वीन्सटाउनला घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर बसून कितीतरी रविवार मी ते बारीक अक्षर एकेक करून टाइप केलं आणि संगणकाकडून भाषांतर करून घेतलं. पाण्याच्या पानावर मास्तरांनी लिहिलं होतं की कोरड्या वर्षी झरा आटतो.

मी ते डेअरीच्या पाण्याचा धोका म्हणून अहवालात घेतलं. मास्तरांनी लिहिलंय म्हणजे खरंच, हे माझ्या हाडात होतं.

आमचे मॅनेजर पुण्याचे, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी होऊन बरीच वर्षं झालेले. मला ते गुरुजी म्हणत. त्यांनी अहवाल चाळला आणि हसून म्हणाले, "गुरुजी, नदीनाले झक्कास आलेत." पाण्याची ओळ त्यांनी उचलून पहिल्या पानावर नेली. कंपनीने दुसरी डेअरी घेतली. खेड्यातल्या डेअरीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. वर्षभरात डेअरी बंद पडली, कामगारांची घरं खाली शहराकडे गेली आणि शाळेचा एक वर्ग बंद झाला.

मालकांना नकाराचं कारण म्हणून अहवालाचं ते पहिलं पान पाठवलं गेलं होतं. डेअरी बंद झाल्यावर ते नवऱ्याकडून बाईंच्या हाती आलं आणि त्यांनी वहीतलं वाक्य ओळखलं. त्यांचा मेल चार ओळींचा होता. "तो झरा आम्ही माझ्या सासऱ्यांच्या काळापासून वापरत नाही. पाणी वरच्या तलावातून नळाने येतं. कधी आटलेलं नाही. तुम्ही मला विचारायचं होतं."

मी मॅनेजरांकडे गेलो, दुरुस्ती पाठवू या म्हणालो. त्यांनी या वेळी गुरुजी म्हटलं नाही. "अरे, सह्या होऊन वर्ष झालं. आता खरं सांगून तू कोणाची डेअरी उघडणार आहेस?"

बाईंची मी माफी मागितली. त्यावर उत्तर आलं नाही.

त्याच सुमारास सरांचं पत्र आलं. शाळेच्या कार्यक्रमात येऊन मुलांना माझी वाटचाल सांगावी, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना पाठवलेलं पत्र असं:

'आदरणीय सरांना सा. न.

आपलं पत्र मिळालं. आपण लिहिलंत की मी शाळेचं नाव काढलं. सर, मी एका गावाची वही केली आणि ती त्या गावाला वाचून दाखवली नाही. मनाई होती, हे खरं. पण नुसतं पाणी कुठून येतं एवढं विचारायला मनाई नव्हती. आपल्यासारख्याच एका मास्तरांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून मी विचारलंच नाही. त्यांनी त्यांच्या काळापुरतं बरोबरच लिहिलं होतं. चूक माझी. ज्या बाईंनी विश्वासाने वही दिली, त्यांच्या नवऱ्याचं काम त्यामुळे गेलं.

कार्यक्रमाला मी येईन. पण माझी वाटचाल सांगणार नाही. त्या गावाची वही मराठीत उतरवली आहे, ती मुलांना वाचून दाखवेन आणि कुठे चुकलो ते सांगेन. टाळ्या नकोत. वहीची प्रत सोबत पाठवत आहे. पाण्याचं पान मी अजून खोडलेलं नाही. ते आपल्यासमोर खोडायचं आहे.

आपला विद्यार्थी'