मामांचं बिल मी लिहायची

आभाळाकडे पाहिल्याशिवाय मामांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. चहा विचारा, तब्येत विचारा, आधी मान वर, मग उत्तर. आष्टीजवळच्या माळावरच्या पवनचक्क्यांवर चढून नट-बोल्ट आवळण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती, म्हणून आमच्या एजन्सीत सगळे त्यांना पंखेमामा म्हणायचे. "वारं कसंय ते बगून बोलावं," हे त्यांचं ठरलेलं. आता वाऱ्याचा आणि माझ्या चहाचा काय संबंध? पण म्हणायचे.

मी त्या एजन्सीत कॉम्प्युटरवर बसायची. पवनचक्क्या कंपनीच्या, देखभाल एजन्सीकडे, आणि प्रत्यक्ष चढणारी माणसं? ती कुणाचीच नाहीत! कागदावर प्रत्येक जण स्वतंत्र ठेकेदार. ठेकेदारानं कामाचं बिल द्यायला हवं, पण हातात पाना धरणारा माणूस बिल कुठं टाइप करत बसणार? म्हणून एजन्सीच त्याच्या नावानं बिल बनवायची आणि तो खाली सही करायचा. ऑफिसात याला सेल्फ बिल म्हणत. म्हणजे 'मी अमुक काम केलं' असं सांगणारे मामा, आणि ते लिहिणारी मी.

सहीला आले की मामा आधी टोपी काढायचे, हात धोतराला पुसायचे आणि देवाला फूल वाहावं तशी हळूच सही करायचे. वाचायचं नाव नाही. मी चिडायची. "मामा, वाचा तरी! उद्या तुमचं घर लिहून घेतलं तर?"

"ताई, तुमी लिवलंय न्हवं? मंग झालं."

एकदा मीच हट्टानं वाचायला लावलं. ओळीखाली बोट धरून त्यांनी वाचलं आणि थांबले. "हे 'जमिनीवरील देखभाल' कावून लिवलं? मी तर वर असतोय."

हाच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात साहेबांना विचारला होता. ते म्हणाले होते, उंचावरचं काम दाखवलं की प्रत्येकाचा वेगळा विमा काढावा लागतो, तू सगळ्यांना हेच टाक. मी टाकलं. मामांना मी म्हणाले, "ठरलेला नमुना आहे मामा, सगळ्यांचं असंच असतं."

वाटलं, भडकतील. तर हा माणूस लबाड हसला. "मंग मला याचं येक झेराक्स द्या."

कारण होत्या मामी. शेजारच्या डोंगरावर एक माणूस टॉवरवरून पडला, तेव्हापासून मामींनी त्यांना वर न चढण्याची शपथ घातली होती. "कागदावर मी खालीच हाय. घरात भांडान न्हाई," मामा म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याला सहीनंतर ते झेरॉक्ससाठी हात पुढे करायचे आणि मी हसत द्यायची. हसत! आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वर चढण्याचं त्यांना फार अप्रूप होतं. सीताफळांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवत सांगायचे, "वरून माजं अंगण दिसतंय. तिनं काय वाळू घातलंय ते बी दिसतंय. घरी गेलो की म्हणतो, आज कुरडया घातल्या व्हय? ती म्हणती, तुमाला कसं ठावं?" आणि स्वतःच खो खो हसायचे. मग एकदम गंभीर होऊन, "वरची फळं आज खा, खालची दोन दिसानं," असं बजावून जायचे.

वर चढताना कमरेला बांधायच्या त्यांच्या पट्ट्याचा हूक झिजला होता. नव्या पट्ट्यासाठी ते तीनदा ऑफिसात आले. साहेब म्हणाले, "ठेकेदारानं आपलं सामान आपण आणायचं असतं." तिसऱ्यांदा परत जाताना मामा मला म्हणाले, "लई मोठा ठेकेदार झालो बगा ताई मी."

आठवडाभरानं सकाळी सतरा नंबरच्या टॉवरमध्ये, आतल्या शिडीवरून ते पडले. नगरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मामींनी भरपाईचा अर्ज केला. एजन्सीचं उत्तर टाइप करायला माझ्याकडेच आलं. मयत आमचे कामगार नव्हते, स्वतंत्र ठेकेदार होते. त्यांच्याच सहीच्या बिलांनुसार काम फक्त जमिनीवर होतं. ते वर आपल्या मनानं गेले. मी ते टाइप केलं. बोटं गळून पडली नाहीत माझी. मामींनी कामाचा पुरावा म्हणून मामांच्या सगळ्या झेरॉक्स अर्जाला जोडल्या होत्या, तेही एजन्सीच्याच पथ्यावर पडलं. अर्ज फेटाळला गेला.

त्या दिवशी मी नोकरी सोडली. कोण कुठल्या टॉवरवर चढला याचे रोजचे तक्ते साइटवरून माझ्या मोबाइलवर यायचे, त्यांवरूनच मी बिलं बनवायची. ते फोटो अजून होते. मी ते मामींच्या वकिलांना दाखवले, तर ते म्हणाले, अपील होईल, पण बिलं लिहिणाऱ्या माणसानं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं. मी ते लिहून, अपिलाचा कागद घेऊन मामींच्या घरी गेले. नवरा रोज वर चढत होता हे आता त्यांना माझ्याकडून कळणार होतं.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. खालून कुटं माजं अंगण दिसतं? कुरडया घातल्या का सांडगे, माणूस घरी येऊन सांगायचा." पदरानं तोंड पुसून पुढं म्हणाल्या, "पर तुमचा कागद आला की वाटायचं, टाइप केलेलं हाय, खोटं कोण लिवील? आता चढत नसत्याल. त्या रात्री झोप लागायची मला."

 त्यांनी अपिलाच्या कागदावर सहीसाठी पेन मागितलं.

"आधी ऐका मामी," मी म्हणाले. "न ऐकता सही करू नका."

मी माझं प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं. मामा कोणत्या दिवशी कुठल्या टॉवरवर होते ते सगळं त्या मान खाली घालून ऐकत होत्या. 'जमिनीवरील देखभाल ही नोंद खोटी असून ती माहीत असताना मी माझ्या हातानं केली,' इथपर्यंत आले आणि त्यांनी मान वर केली.

"हे परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.