भावपूर्ण शुभेच्छा

ओतूरच्या पेठेत चेतनाचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्याला लागूनच माझं ब्लाउज शिवायचं. मधली भिंत वरपर्यंत गेलेली नाही, त्यामुळे तिच्याकडं कोण काय बोललं ते मला बसल्या जागी ऐकू येतं. मी काही मुद्दाम कान लावत नाही. मशीन तेवढी थांबवते.

चेतना म्हणजे सोहनलालशेठची पोरगी. शेठचे वडील राजस्थानातून इथं आले आणि वह्या-पुस्तकांच्या धंद्यात स्थिरावले. त्या दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून चेतना 'कातळ्या' वाचायची. कातळ्या हा कॉमिकमधला दगडाचा माणूस, आपल्याच घाटातल्या कड्यातून निघालेला. अन्याय दिसला की तो डोळे मिटतो, अंगाचा दगड होतो आणि मग समोरच्याची खैर नसते. प्रत्येक अंकाच्या शेवटी त्याचं एकच वाक्य असायचं, 'कातळ विसरत नाही.' आम्ही बाकीच्या पोरींनी ते वाचलं आणि सोडून दिलं. चेतनानं मनावर घेतलं. चौथीत असताना एका मुलीनं तिच्या अंकाचं पान फाडलं होतं. त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा चेतना मला म्हणाली, "ती पान फाडणारी ना? मी न्हाई येणार जेवायला." आणि खरंच आली नाही.

मला हा स्वभाव आवडतो. माफ करणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे.

तर या कातळ्यावर सिनेमा येणार असं जाहीर झालं आणि आमच्याकडची पोरंच काय, पोरांचे बापसुद्धा चेकाळले. अजून शूटिंग संपलं नव्हतं, पण ज्याच्या त्याच्या स्टेटसला कातळ्या. कातळ्याचा रंग काळा ठेवणार की राखाडी, यावरून सलूनमध्ये भांडणं. नुसता एक हात दाखवणारं पोस्टर आलं, तर त्या हाताच्या नखांवर लोक आठवडाभर बोलत होते. चेतना त्या भांडणांत पडायची नाही. नट फार गोरा निवडलाय, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मग सिनेमाच्या कंपनीनं स्पर्धा काढली. चाहत्यांनी आपला कातळ्या काढून पाठवायचा. जे चित्र निवडलं जाईल ते पोस्टर म्हणून थेटरांत लागणार, खाली चित्रकाराचं नाव. चेतनानं दुकान बंद केल्यावर बसून बसून चित्र काढलं. डोळे मिटलेला कातळ्या, अंग निम्मं माणसाचं, निम्मं दगडाचं. बोटांवरच्या भेगासुद्धा एकेक काढलेल्या. मी बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तिनं कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घातलं. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या वाढदिवसांची हजार नावं छापली होती, स्वतःचं पहिल्यांदा लिहिलं. मला म्हणाली, "प्रतिभा, थेटरात माझं नाव बघायचंय. पप्पांना घेऊन जाणार."

डोळ्यांचं काम थोडं राहिलं होतं, म्हणून तिनं पाठवलं नाही. तेवढ्यात डिंगोऱ्याचा ऋषी दुकानात आला.

ऋषी म्हणजे तिथल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. काम काही नाही, पण शर्टाला इस्त्री कायम. त्यानं स्क्रीनवर चित्र बघितलं.

"चेतनाताई, लई भारी काढलंय राव. मला व्हॉट्सॲपला टाका ना, स्टेटसला ठेवतो."

चेतना भुलली. कुणी चित्राला भारी म्हटलं की भुलतंच माणूस. तिनं पाठवलं. त्यानं कोपरा कापला आणि चित्र कंपनीला पाठवून दिलं. निवड झाली. फोनवर पोस्टर आलं, खाली लिहिलेलं, 'चित्र : ऋषी, डिंगोरे.'

चेतनानं त्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, तुमचं काय अन् माझं काय, गावाचंच नाव झालं ना?" तिनं कंपनीला मेल केला, मूळ चित्रासकट. कंपनीचं उत्तर आलं, 'कातळ्यावरील आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.' शेठ म्हणाले, जाऊ दे, क्षमा करावी. त्यांच्या जैन धर्मात क्षमा मागायचा आणि करायचा सणच असतो. चेतनानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "पप्पा, सण अजून लांब हाय."

मला त्या दिवसांत ऋषी दिसला तरी कात्री हातात घट्ट धरावीशी वाटायची.

आणि या माणसाची छाती बघा. सत्काराचा फ्लेक्स करायला तो चेतनाकडंच आला. दुसरीकडं तिच्यासारखं काम होत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी मशीन थांबवली.

"माझा फोटो मधी, लई मोठा," ऋषी सांगत होता. "कातळ्यावानी करा. डोळं मिटलेलं, तोंड राखाडी. बाकी रंग नको. रविवारी सकाळी आठला नदीकाठच्या पटांगणात सिनेमाची पहिली झलक दाखवणार हाय मोठ्या एलईडी पडद्यावर, ते लिहा. आन वरती नुसतं 'हार्दिक' नको. समदेच हार्दिक लिहित्यात. काहीतरी वजनदार पाहिजे."

चेतनानं सगळं लिहून घेतलं.

"मग काय लिहू?"

"भावपूर्ण लिहा. भावपूर्ण शुभेच्छा."

भिंतीच्या अलीकडं मी तोंडावर ब्लाउजचं कापड दाबलं. आमच्या भागात फ्लेक्सवर 'भावपूर्ण' हा शब्द एकाच कामाला वापरतात, आणि ते काम झालेला माणूस फ्लेक्स बघायला उरत नाही. दहाव्याचा विधीही नदीकाठच्या त्याच पटांगणात होतो, रविवार असो की सोमवार, सकाळी आठच्या आसपास.

"नक्की भावपूर्ण?" चेतनानं विचारलं.

"एकदम. मोठ्या अक्षरात घ्या."

तिनं त्यानं सांगितलं तसंच केलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही. 'भावपूर्ण' मोठं, 'शुभेच्छा' खाली बारीक. सिनेमाचं नाव एका बाजूला. मध्ये ऋषी, राखाडी, डोळे मिटलेला. खाली मंडळाच्या पोरांचे फोटो ओळीनं. नमुना त्याला फोनवर पाठवला, वर लिहिलं, 'नीट वाचून घ्या.' त्यानं अंगठा पाठवला आणि दोन दिवसांसाठी कंपनीच्या कार्यक्रमाला पुण्याला गेला. फ्लेक्स लावले मंडळाच्या पोरांनी, ओतूरच्या स्टँडपासून मढच्या फाट्यापर्यंत. त्या पोरांनी त्यात फक्त स्वतःचे फोटो बघितले.

रविवारी चेतना मला म्हणाली, "चल, झलक बघून येऊ." शेठनाही तिनं बरोबर घेतलं.

नदीकाठी पोचलो तर पटांगण पांढऱ्या टोप्यांनी भरलेलं. गाडीवरून जाता जाता माणूस तोंड बघतो, 'भावपूर्ण' बघतो, वार आणि जागा बघतो. बाकीचं कोण वाचतंय? कुणी फोन केला होता, पण पुण्यात ऋषीचा फोन बंद. गावातली पोरं लोकांना समजावत होती, तर म्हातारे त्यांच्यावरच ओरडत होते, की अशा वेळी सिनेमाचा पडदा कसला लावता. मढची त्याची आत्या ठमाबाई एसटीनं आली होती आणि पडद्याच्या खांबाला धरून रडत होती. गेणभाऊ, जे प्रत्येक दहाव्याला बोलतात, ते माइक हातात घेऊन उभेच राहिले होते.

"ऋषी लई गुणी पोरगा व्हता," गेणभाऊ म्हणाले. "कुणाच्या एका कवडीला हात लावला न्हाई त्यानं."

चेतना शेजारी उभी होती. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

तेवढ्यात गुणी पोरगा मोटारसायकलवरून आला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. ठमाबाईनं त्याला बघितलं, आधी मिठी मारली आणि मग पायातली चप्पल काढली. लोक हसायला लागले. हसणं नदीच्या पलीकडं गेलं असेल. ऋषीला काय झालंय ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तसा तो गर्दीतून थेट चेतनाकडं आला. गेणभाऊ मध्ये पडले, माइक हातात तसाच.

"कातळ्या काढताना बोटावरची भेगन् भेग काढता येती तुला," ऋषी तिच्या अंगावर ओरडला, "आन माझंच तोंड मेल्यावानी काढलंस व्हय?"

माइक चालू होता. पटांगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते गेलं.

हसणं थांबलं. गेणभाऊंनी माइककडं बघितलं, मग ऋषीकडं.

"म्हंजी ते चित्र हिनं काढलंय?"

ऋषीचं तोंड फ्लेक्सवरल्यासारखं झालं. चेतनानं गेणभाऊंच्या हातून माइक घेतला. मला वाटलं आता ही त्याला सोलून काढणार.

"कंपनीला मेल कर," ती म्हणाली. "हितंच. आमी थांबतो."

आणि पटांगण थांबलं. पांढऱ्या टोप्या, आत्याबाई, मंडळाची पोरं, सगळे. ऋषीनं मान खाली घालून फोनवर टाइप केलं आणि गेणभाऊंनी ते माइकवर वाचून दाखवलं. चित्र माझं नाही, चेतना सोहनलाल यांचं आहे. मग झलक लागली, आणि तोवर एकही माणूस घरी गेला नव्हता.

महिन्याभरानं नवं पोस्टर लागलं. शेठनी थेटरात खालचं नाव हात लावून वाचलं आणि चष्मा पुसत बसले. क्षमेचं काही बोलले नाहीत.

ऋषीला आता इकडं सगळे भावपूर्ण म्हणतात. ठमाबाईसुद्धा. परवा मी चेतनाकडं गेले, तर ती जुन्या फाइली पुसून कॉम्प्युटर मोकळा करत होती. स्क्रीनवर ऋषीचा तो राखाडी चेहरा आला.

"हे तरी काढून टाक आता," मी म्हणाले.

"राहू दे," चेतना म्हणाली. "कधीतरी लागणारच हाय."