मामाचा मोआ

लिहिणाऱ्यांच्या ओळीत बसण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलंमाकलं वाचकांनी पोटात घालावं. पण माझ्या मामाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात, कदाचित साऱ्या देशात, मोआ नावाच्या पक्ष्यावर त्याच्याइतका जीव कोणी लावला नसेल. मोआ न्यूझीलंडचा. मामा पांढरकवड्याचा, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा. दोघांची ओळख झाली फुटाण्याच्या पुडीमुळे.

पुडीच्या कागदावर एका प्रचंड सांगाड्याचं चित्र होतं. शेजारी कोटातला साहेब उभा, आणि त्याचं डोकं जेमतेम त्या पक्ष्याच्या पाठीला लागलेलं. मामा उरलेले फुटाणे खिशात कोंबून शाळेतल्या गुरुजींकडे धावला. गुरुजींनी वाचून सांगितलं की याला पंख मुळीच नव्हते, आणि हा आता कुठे दिसत नाही. त्यातलं 'दिसत नाही' मामाने आपल्या सोयीने घेतलं. वाघही रोज दिसत नाही, म्हणून काय जंगलात वाघ नाही, असं तो भेटेल त्याला विचारू लागला.

छप्पन साली मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव नदीत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, पण देवळी रिकामीच राहिली होती. मामाने तिथे मोआ चिकटवला. जुने देव घालवून हा नवा कोणता आणला, असा जाब विचारायला वस्तीतली वडीलधारी माणसं आली. मामा शांतपणे म्हणाला, "देव असता तं त्याले वाहन असतं. हा बिचारा जलमभर पायीच चालते." मंडळी चहा पिऊन परत गेली.

मोआ सापडेपर्यंत हातावर हात धरून बसणं मामाला पटेना. दाणे उंचावर ठेवले तर कोंबड्यांच्या माना लांबतील, पिल्लांच्या त्याहून लांबतील, आणि नातवाच्या काळात अंगणात मोआ फिरेल, असा त्याचा हिशोब. त्याने कडुनिंबाला टोपली टांगली आणि दर बाजाराच्या दिवशी ती बोटभर वर चढवू लागला. कोंबड्या आधी माना ताणत, मग उड्या मारत, मग पंख फडफडवत. एका सकाळी पाहतो तर सगळा कळप शेजाऱ्याच्या तुराट्यांच्या छपरावर, आणि कोंबडा थेट निंबाच्या शेंड्यावर. मामी सूप घेऊन खाली उभी. "बिनपंखाचं पाखरू करून राह्यले होते ना? घ्या, घारी झाल्या." मामा शिडी लावता लावता म्हणाला, की मेहनत तर करतात बिचाऱ्या, फक्त उलट्या दिशेने.

मी अमरावतीला शिकायला निघालो तेव्हा सगळ्यांनी जेवणाखाण्याच्या सूचना दिल्या. मामाने एकच काम सांगितलं: मोठ्या मास्तरांना विचार, एखादा तरी जिवंत आहे का. दर सुट्टीत तो एस.टी. स्टँडवर हजर. माझी ट्रंक उतरवण्याआधी विचारायचा, "विचारलं का रे?" मला प्राध्यापकांसमोर तोंड उघडायचंच भ्या वाटे. शेवटी एकदा धीर करून विचारलं. सर हसले नाहीत. म्हणाले, त्या बेटावर होड्यांतून माणसं आली, आणि काही पिढ्यांत त्यांनी सारे मोआ मारून खाल्ले. या गोष्टीला पाचेकशे वर्षं झाली.

पुढच्या सुट्टीत स्टँडवरच मामाला हे सांगितलं. तो ट्रंकेच्या कडीशी चाळा करू लागला.

"सारेच खाल्ले? एखादा पाळावा, असं कोनालेच नाही वाटलं?"

मी नाही म्हणालो.

त्याने ट्रंक डोक्यावर घेतली. स्टँडच्या फाटकापाशी थांबून, आपली गाडी आत्ताच सुटली असं कळलेल्या माणसाच्या सुरात म्हणाला, "पाचशे वर्सं म्हंजे काई लय नाही रे बापू. थोडक्यात चुकामूक झाली आमची."