उरलेलं आयुष्य तपासणारा मामा

माळ्यावरचा रेडिओ भंगारवाल्याला देताना त्यात किती जीव उरलाय, हे तुम्ही कुणाला विचारलं होतंत का?

वसंतमामा विचारायचा. जुन्या रेडिओंतले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह तपासून त्यांचं उरलेलं आयुष्य सांगणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा ध्यास. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौकात आमच्या मोर्चाची पत्रकं वाटत होते... ती तशीच हातात घेऊन कोथरूडला पोचले.

व्हॉल्व्हवरचा क्रमांक वाचून मामा तपासणीयंत्राच्या कळा लावायचा आणि स्वस्थ बसायचा. काटा लगेच हिरव्या भागात गेला की मी उठायचे. मामा म्हणायचा, "पुढारी, बूड टेकवा. तापू दे त्याला. दमलेला असेल तर आता खाली येईल." एकदा एका व्यापाऱ्याने गळ घातली, "काका, 'नवा' एवढंच लिहा ना खोक्यावर." मामा म्हणाला, "अहो, माझ्याइतकाच वापरलाय तो. मला नवा म्हणाल का?" खोटं न बोलण्यासाठी व्यासपीठ लागत नाही, हे मी त्या टेबलापाशी शिकले.

तेराव्यानंतर मामीच्या बहिणीने मायेने सगळे व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने लख्ख पुसले. काचेवरचे क्रमांकही पुसले गेले! क्रमांक नाही तर यंत्र लावायचं कसं? मंदारदादाला, मामाच्या मुलाला, खोली रिकामी हवी होती. "आई, आता ही नुसती काच आहे. देऊन टाकू."

मामीने एक व्हॉल्व्ह उचलून त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो खिडकीकडे तिरका धरला. धुरकट काचेवर क्रमांक उमटला... क्षणभरच.

"बघत काय बसलीस? वाच, वाफ जाईल!"

"मामी, तुला हे कुणी शिकवलं?"

"शिकवतोय कोण! संसारभर चहा घेऊन शेजारी उभी होते मी."

मामी वाफ सोडत गेली, मी वाचत गेले, दादा कळा फिरवू लागला. काही व्हॉल्व्ह खरंच संपले होते. ते मामीने स्वतः बाजूला काढले. पण बरेचसे अजून चालतील असे निघाले. दादाने खोलीचा विषय पुन्हा काढला नाही.

आता हे व्हॉल्व्ह खोक्यात पडून राहिले, तर भंगारात गेले काय आणि इथे राहिले काय, सारखंच. म्हणून मागणी आहे, आणि हक्काने करते आहे. तुमचा बंद पडलेला रेडिओ या रविवारी माळ्यावरून खाली काढा. आतली काच पुसू नका. भंगारवाल्याच्या आधी जाणत्या माणसाला दाखवा, आणि त्यात एखादा व्हॉल्व्ह संपलेला निघाला, तर आम्हाला कळवा. त्याच क्रमांकाचा चालणारा व्हॉल्व्ह मामी तुमच्यासाठी शोधून देईल.